टोकियोचं जुनं इम्पिरियल हॉटेल पाडायला नको होतं

नागोयाची_पाहुणी: परवा इनुयामाच्या मेइजी-मुरात, म्हणजे जुन्या इमारती आणून जपलेल्या खुल्या संग्रहालयात, जाऊन आले. टोकियोच्या जुन्या इम्पिरियल हॉटेलची फक्त लॉबी तिथे नेऊन उभी केलीये. दारात छत इतकं खाली की नकळत मान वाकते आणि चार पावलं पुढे गेलं की एकदम तीन मजले उंच मोकळी जागा, जाळीदार खांबांच्या आत दिवे आहेत त्यांचा पिवळा उजेड ओया दगडाच्या नक्षीवर पडतो, मी अर्धा तास तिथून हललेच नाही. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉईड राइटचं काम हे. 1 सप्टेंबर 1923, उद्घाटनाचा दिवस आणि त्याच दिवशी कांतोचा महाभूकंप, त्यातून हॉटेलची इमारत टिकून राहिली आणि 1968 ला माणसांनीच पाडली. जीव तुटतो हो.

सिव्हिलवाला: ताई, भूकंपातून ही एकटीच वाचली असं सांगतात ते खरं नाही, टोकियोत बऱ्याच पक्क्या इमारती वाचल्या आणि हिचंही थोडं नुकसान झालंच होतं. खाली टोकियोच्या हिबिया भागातला चिखल, राइटने आखूड पाइल्स (जमिनीत ठोकलेले पायाचे खांब) मारून पाया जहाजासारखा तरंगता ठेवला, पण पुढे इमारत कुठे कमी कुठे जास्त खचत गेली. ओया दगड पण मऊ, ज्वालामुखीच्या राखेचा, झिजणारच. हॉटेल खोल्यांवर चालतं, त्याच जागेवर 1970 ला 17 मजली इमारत झाली. मालकांनी काय करायचं होतं?

नागोयाची_पाहुणी: दगड मऊ होता म्हणून तर एवढं कोरता आलं ना दादा! झिजलेला बदलता येतो. उंच इमारत मागे बांधून पुढचा भाग जागेवर ठेवता आला असता, निदान तसा प्रयत्न तरी.

टोकियोत_दहा_वर्षं: मी ताईंच्या बाजूने. आत्ताच्या हॉटेलात ओल्ड इम्पिरियल बार आहे, तिथे राइटच्या वेळची भिंत ठेवलीये. तेवढ्या तुकड्यासमोर बसलं तरी बाकीचं हॉटेल विसरायला होतं. आणि ज्याच्यासाठी पाडलं ती 1970 ची इमारत पण पाडून नवी बांधायचं ठरलंय, 2036 पर्यंत.

सिव्हिलवाला: म्हणजे हिला पण साठेक वर्षंच मिळाली, धंद्याच्या इमारतीचं आयुष्य तेवढंच असतं. लॉबी सुटी करून नेली, आतलं काम पुरं व्हायला 1985 उजाडलं, इतकी मेहनत कोण घेतं?

नागोयाची_पाहुणी: मेहनतीला हात जोडते दादा, मनापासून. पण ती लॉबी हिबिया पार्कसमोरची होती, आता बाहेर पडलं की समोर टेकडी आणि झाडं.