सात वर्षांहून जुनी गाडी घेणे : काटकसर की पुढे ढकललेला खर्च?

हिशेबी पुणेकर (धागाकर्ता)

जून २०२२ मध्ये मी २०१४ सालची एक डिझेल हॅचबॅक जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून ३ लाख ६० हजार रुपयांना घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १ लाख ७० हजारांना विकून टाकली. घेताना मीटरवर ९२ हजार किलोमीटर दिसत होते. माझ्याकडे सव्वातीन वर्षांत ती २७ हजार किलोमीटर चालली. मी प्रत्येक पावती जपून ठेवतो (घरात यावरून चेष्टा होते), त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाने दिलेले नाहीत.

चार टायर १८ हजार, बॅटरी साडेपाच हजार, क्लच १४ हजार, सस्पेन्शनचे काम २२ हजार, एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर मिळून २४ हजार, इंजेक्टरचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचे) काम ३८ हजार आणि नाव बदलून घेण्यासाठी एजंटाला ६ हजार, असे १ लाख २७ हजार ५०० रुपये गेले. नेहमीच्या तीन सर्व्हिसिंगचे २१ हजार आणि तीन वेळा भरलेल्या विम्याचे २७ हजार वेगळे. घेतल्या-विकल्यातील १ लाख ९० हजारांची घट त्यात मिळवली, तर एकूण ३ लाख ६५ हजार ५०० होतात, म्हणजे डिझेल सोडून दर किलोमीटरला साडेतेरा रुपये.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाडीची शोरूम किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरली. जुन्या गाड्यांचे विक्रेते मात्र अजून मागच्या वर्षीच्याच भावाला चिकटून आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर फिरणाऱ्या पगारदार कुटुंबाने सात वर्षांहून जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. जी रक्कम वाचली असे वाटते, ती आपण वाचवलेली नसते, गॅरेजला हप्त्याहप्त्याने द्यायची असते.

गॅरेजमास्तर, कराड

आपले आकडे चोख आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण जुनी गाडी घेतली म्हणून फसला नाहीत. वर्षाला आठ हजार किलोमीटर धावण्यासाठी डिझेल गाडी घेतली, तिथे चुकलात. डिझेल इंजिनाला लांबचा पल्ला मानवतो. शहरात चार किलोमीटर चालवून उभी करायची, आठवडाभर हात लावायचा नाही, असे करणाऱ्यांच्या गाड्या माझ्याकडे इंजेक्टरच्या तक्रारी घेऊनच येतात. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाड्यांत तर धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी बराच वेळ सलग वेगाने पळावी लागते, आणि सिग्नलला अडकत चालणाऱ्या गाडीच्या नशिबी ते नसते.

टायरचे १८ हजारही घेण्यापूर्वीच दिसले असते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१६ हा आकडा २०१६ च्या तेविसाव्या आठवड्याचा टायर सांगतो. असा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावाच लागतो, आणि ते भाव ठरवतानाच बोलायचे असते. क्लच उंचावर पकडतो का, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते का, चालू इंजिनावर ऑइलचे झाकण काढले तर धूर फेकते का, बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. मी त्याचे हजार रुपये घेतो आणि गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करते.

आता नव्या गाडीचा हिशेबही करा. विमा कंपन्यांच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षअखेरीस १५ टक्के, तीन वर्षांनी ३० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्के कमी धरतात. ८ लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत ४ लाख गेले. आपले १ लाख ९० हजार त्याच्या निम्मेही नाहीत.

हिशेबी पुणेकर

डिझेलचा मुद्दा मला मान्य आहे. तो निर्णय माझाच होता आणि वीसचे अ‍ॅव्हरेज ऐकून मी भाळलो. मात्र तक्त्याच्या बाबतीत आपण माझी पाच वर्षे धरता आहात की सव्वातीन? त्याच तक्त्याने तीन वर्षांची नवी गाडी ३० टक्के घसरते, म्हणजे ८ लाखांचे २ लाख ४० हजार. माझी घट आणि मोठ्या दुरुस्त्या (एजंटाचे ६ हजार सोडून) मिळून ३ लाख ११ हजार ५०० होतात, आणि नव्या गाडीला या काळात वॉरंटीमुळे त्यातील बहुतेक दुरुस्त्या लागल्या नसत्या. शिवाय तो तक्ता विम्याचा आहे. बाजारात चांगल्या खपाच्या गाडीला त्याहून बरी किंमत येते. राहिला प्रश्न तपासणीचा. मी गाडी तपासून घेतली होती. तपासणारा फिटर व्यापाऱ्यानेच सुचवला होता, हे मला फार उशिरा खटकले.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मास्तर, आपल्या अर्ध्या तासाच्या तपासणीवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गावातील गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्यांतील कित्येक विम्याने पूर्ण नुकसान धरून निकाली काढल्या. अशा गाड्या भंगारातच जातात असे नाही. धुऊन, वाळवून, सीटचे कापड बदलून त्या घाटावर विकल्या जातात. मी स्वतः पूरग्रस्त असून पुढच्या वर्षी घाटावरून आणलेल्या अशाच एका गाडीला फसले, हे सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते.

इंजिन उत्तम होते, क्लच उत्तम होता, ओळखीच्या मेकॅनिकने होकार दिला होता. सहा महिन्यांनी आधी ब्रेकचा दिवा लागला, मग काचा आपोआप खाली जाऊ लागल्या, आणि एका पावसात गाडी परशुराम घाटात बंद पडली. वायरिंगच्या जोडांना आतून हिरवा गंज चढला होता. एक जोड साफ करावा तर दुसरा बिघडतो, त्यामुळे एकदा मोठा खर्च करून मोकळे होण्याचीही सोय नसते. शेवटी स्टेपनीच्या खाचेत, गालिच्याखाली, वाळलेला गाळ सापडला, आणि तो गाळ मी ओळखते.

आता मी दोन गोष्टी सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण खालचे दोन हात पट्टा धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या तळाशी चिखलाची रेघ राहते. दुसरी गोष्ट कागदावरची आहे. विक्रेत्याकडे गाडीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात आणि त्यांवरील नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का पाहावा. तो वर्षागणिक वाढत पाच निर्धोक वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो आणि सहसा दावा केला की शून्यावर येतो. पॉलिसी त्याच मालकाची असून टक्का मध्येच शून्य झाला असेल, तर त्या वर्षी काय घडले ते विचारावे. मला हे कोणी सांगितले असते, तर माझे पैसे वाचले असते. मी पुणेकरांच्या बाजूची आहे, पण त्यांचे कारण मला पुरेसे वाटत नाही. खर्च मोजता येतो म्हणून तो निदान सोसता येतो. बिघाड कुठे दडला आहे हेच न कळणे त्याहून वाईट.

गॅरेजमास्तर, कराड

ताई, पुराच्या गाडीबाबत मी आपल्याशी वाद घालणार नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरच्या गाड्या आमच्याकडेही आल्या होत्या आणि मी त्यांना हात लावला नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले दिसले, की मी पुढे पाहतच नाही. पण एका पुरावरून सगळा बाजार भिजलेला ठरवू नये, इतकेच म्हणतो.

निवृत्त कारकून, नाशिक

चर्चा इंजिनाभोवतीच फिरत आहे म्हणून कागदाची बाजू मांडतो. पुणेकरांनी गाडी विकली असे लिहिले आहे. ती नव्या मालकाच्या नावावर झाली का, हे लिहिलेले नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. प्रत्यक्षात मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या जातात आणि गाडी तीन हात फिरून झाल्यावर कोणीतरी ते भरते. मधल्या काळात अपघात झाला, तर नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असली, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली.

१ एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेतलेल्या व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी देऊन तशी सूचना पोर्टलवर नोंदवली, की गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत तो व्यापारीच मालक धरला जातो. विकणाऱ्याने अधिकारपत्राचा क्रमांक मागायला लाजू नये. घेणाऱ्याने गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ई-चलने थकलेली आहेत का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहावे आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. मागच्या मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही, त्याचा फरक भरावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

मूळ वादात माझे मत असे, की जुनी गाडी जरूर घ्यावी, पण दुसऱ्या राज्याची घेऊ नये. दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. ना-हरकत पत्र, इथली नव्याने नोंदणी आणि इथला कर यांत ती स्वस्ताई बहुधा विरते, आणि महाराष्ट्रात डिझेलवरचा एकरकमी कर पेट्रोलपेक्षा जास्तच आहे.

उदगीरकर

वरील सर्वांचे म्हणणे वाचले. पुणेकरांनी दर किलोमीटरचा भाव काढला आहे. तो त्यांच्या घरापुढून बस जाते म्हणून काढता आला. माझ्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी लातूरला न्यावे लागते. जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर होतात. भाड्याची गाडी एका फेरीचे १८०० रुपये घेत असे आणि लग्नसराईत मिळतच नसे. मी २०२२ मध्ये २०११ सालची पेट्रोलची छोटी गाडी गावातल्याच शिक्षकांकडून १ लाख ६० हजारांना घेतली. एका फेरीला पेट्रोलचे साडेसहाशे जातात, म्हणजे ११५० वाचतात. वर्षाच्या १०४ फेऱ्यांचे १ लाख २० हजारांच्या आसपास होतात. दुरुस्ती आणि विम्याला वर्षाकाठी ३० हजार लागले तरी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गाडी फुकटात पडली.

नवी गाडी मला परवडत नाही, आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्याहून चढा असतो म्हणून मी कर्जही काढले नाही. या धाग्यात पगारदार कुटुंब म्हटले आहे, पण जुन्या गाड्या घेणाऱ्यांत माझ्यासारखेच जास्त आहेत असे मला रस्त्यावर दिसते. गाडी निवडताना मी एकच पाहिले, की तिचे सुटे भाग लातूरला दुकानात मिळतात का. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या गाड्या भरपूर स्वस्तात समोर आल्या होत्या. मी मोहात पडलो नाही.

हिशेबी पुणेकर

उदगीरकर, आपल्या फेऱ्यांपुढे माझा हिशेब लागू पडत नाही, हे मी मान्य करतो. मी मुद्दाम वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटरची आणि पगारदाराची अट घातली होती. पण आपल्या गाडीला २०२६ मध्ये १५ वर्षे पूर्ण होतात. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, आणि पर्यावरण कर वेगळा. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. हा खर्च आपण वर्षाच्या ३० हजारांत धरला आहे का?

उदगीरकर

शुल्क धरले आहे. पाच वर्षांसाठी ५ हजार म्हणजे तीन फेऱ्यांचे भाडेही नाही. इथेनॉलचे मी धरलेले नव्हते. मास्तर, यावर आपण काही सांगाल का?

गॅरेजमास्तर, कराड

पेट्रोलची नळी, वॉशर आणि पंपाचे रबर वर्षातून एकदा तपासून घ्या. नळी बोटाने दाबल्यावर मऊ किंवा चिरलेली लागली तर लगेच बदला, तो खर्च मोठा नाही. अ‍ॅव्हरेज थोडे कमी मिळेल, त्याला उपाय नाही. गाडी आठवड्यातून दोनदा निघते हे आपल्या फायद्याचे आहे, कारण टाकीत पेट्रोल साचून राहत नाही. नूतनीकरणाला नेण्यापूर्वी मात्र गाडी जॅकवर घेऊन खालचा पत्रा पाहा. तपासणीत इंजिनापेक्षा गंजलेला पत्राच गाडी अडवतो, आणि तो जोडून घ्यायला वेल्डिंगवाला आठवडाभर लावतो. तेवढ्या दिवसांच्या डायलिसिसच्या फेऱ्यांसाठी दुसरी गाडी आधीच सांगून ठेवा.