खनिज तेल द्रव असूनही ‘खनिज’ का?

प्रश्न (ऐरोली): खनिज हा घन पदार्थ असतो, असे वाचल्यावर माझ्या मुलीने विचारले की, मग खनिज तेल द्रव कसे? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कळवा): ताई, मुलीची शंका अगदी रास्त आहे. भूशास्त्रात खनिज म्हणजे निसर्गतः तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटक आणि अणूंची नियमित स्फटिकी मांडणी असलेला घन पदार्थ. आपल्या पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा खडक आहे. त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे असतात, तर दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट गटातील खनिजांचे देखणे स्फटिक सापडतात, जे मुलीला एकदा अवश्य दाखवावेत. ‘खनिज’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘खाणीतून जन्मलेले’ एवढाच असल्याने जमिनीतून निघणाऱ्या पेट्रोलियमलाही ते नाव मिळाले. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने तर आपल्या व्याख्येतून खनिज तेल स्पष्टपणे वगळले आहे.

उत्तर (वाशी): थोडी भर घालतो. ‘मिनरल वॉटर’ या नावाबाबतही असाच घोळ होतो. पाण्याच्या बाटलीवर आयएस (भारतीय मानक) १३४२८ असेल, तर ते नैसर्गिक मिनरल वॉटर. आयएस १४५४३ असेल, तर पॅकबंद पिण्याचे पाणी. दोन्हींना सरसकट मिनरल वॉटर म्हणणे मला चुकीचे वाटते.

प्रश्नकर्ती (ऐरोली): मनःपूर्वक आभार. कारखान्यांत वाफेच्या नळांभोवती गुंडाळतात त्या मिनरल वूलचे काय?

उत्तर (कळवा): ते बहुधा बेसाल्टसारखा खडक वितळवून काढलेले तंतू असतात. झटकन थंड झाल्याने त्यांत स्फटिकरचना उरत नाही, म्हणून तेही खनिज नव्हे.