कमलाबाई सोहोनींचे शोधनिबंध आपण वाचतो का?

धागालेखक :

जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांच्याविषयी मराठीत लिहिलेला जवळजवळ प्रत्येक लेख १९३३ सालच्या बंगळूरमध्ये सुरू होतो आणि बहुतेकदा तिथेच संपतो. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली मुलगी भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागते, संचालक चंद्रशेखर वेंकट रामन ती मुलगी आहे म्हणून नकार देतात, ती मागे हटत नाही, आणि शेवटी अटी घालून तिला एका वर्षाची मुभा मिळते. हा प्रसंग खरा आहे आणि संतापजनकही आहे. माझी तक्रार एवढीच की, त्यानंतरच्या पस्तीसेक वर्षांत या बाईंनी प्रयोगशाळेत नेमके काय केले, हे विचारले तर त्यांच्याबद्दल आदराने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल.

त्यांचे दोन निबंध शेजारी ठेवून पाहावेत, असे मला वाटते. पहिला १९३५ सालचा, बंगळूरचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्यासमवेत ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आलेला, कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनविषयी. अन्नातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे एकूण नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणणे. पण सगळा नायट्रोजन प्रथिनांचाच असतो असे नाही, त्यामुळे प्रथिनेतर भाग वेगळा काढला नाही तर कागदावर प्रथिने जास्त दिसतात. दुसरा १९५५ सालचा, सहकारी अंबे यांच्यासमवेत ‘नेचर’मध्ये आलेला. वाल आणि डबल बी यांच्यातून ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने स्फटिकरूपात वेगळी केल्याचा तो वृत्तान्त आहे. ट्रिप्सिन हे लहान आतड्यात प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम). ते अडले की पोटात गेलेले प्रथिन पूर्णपणे अंगी लागत नाही. कडधान्यातले प्रथिन म्हणून जे मोजले जाते त्यातले खरे प्रथिन किती, आणि जे खरे आहे त्यातले शरीराला मिळते किती, हा एकच प्रश्न वीस वर्षांच्या अंतराने दोन बाजूंनी विचारलेला मला दिसतो. ज्या देशात बहुसंख्य लोकांचे प्रथिन डाळी-कडधान्यांतूनच येते, तिथे याहून महत्त्वाचा जीवरासायनिक प्रश्न कोणता असेल?

म्हणून माझे मत असे की, काही काळ तरी कमलाबाईंवरचे लेखन रामन यांच्या नकारापासून सुरू करू नये.

प्रतिसाद १ :

मी या मताशी पूर्णपणे असहमत आहे. नकाराचा प्रसंग ही लेखाच्या आरंभी लावायची चटकदार गोष्ट नव्हे. संशोधन कोणत्या परिस्थितीत झाले याचा तो पुरावा आहे. त्या अटी पुन्हा एकदा वाचाव्यात. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे, आणि आपल्या वावराने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. धागालेखक ज्या १९३५ च्या निबंधाचे कौतुक करत आहेत, त्याच्या कामाची सुरुवात या अटींखाली झालेली आहे. निबंध वाचा आणि अटी विसरा, हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट अशी की, स्वतः कमलाबाई हे विसरल्या नव्हत्या. आयुष्याच्या अखेरच्या काळात, सन्मान स्वीकारताना भर सभेत त्यांनी रामन यांच्या संकुचितपणाचा उल्लेख केला होता. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापकपदावर असताना संचालकपदासाठी त्यांना बराच काळ ताटकळावे लागले, म्हणजे १९३३ चा नकार ही एकदाच घडून संपलेली घटना नव्हती. ज्या व्यक्तीने तो सल आयुष्यभर जपला, तिच्या चरित्रातून तो मागे सारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रतिसाद २ :

वाद रंगला आहे, पण दोन्ही बाजूंनी न तपासता वापरल्या जाणाऱ्या दोन विधानांकडे लक्ष वेधतो.

‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद सोडून द्यावे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती, तर कमलाबाईंची केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची. एका स्त्रीचा गौरव करताना दुसरीला पुसून टाकणे योग्य नाही.

दुसरे विधान ‘त्यांनी सायटोक्रोम सी शोधून काढले’ हे. सायटोक्रोम (पेशींच्या श्वसनात भाग घेणारी रंगीत प्रथिने) हे नाव आणि त्यांचे श्वसनातील कार्य डेव्हिड कीलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली मांडले होते. कमलाबाई आणि केंब्रिजमधील संशोधक रॉबिन हिल यांचा १९३९ चा ‘नेचर’मधील छोटा निबंध सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी आहे. प्राण्यांच्या पेशींत ऑक्सिजन वापरणारी जी विकरव्यवस्था माहीत होती, तिचा शेवटचा दुवा उच्च वनस्पतींतही आहे, असे त्या कामातून पुढे आले. हे लहान काम नाही. पण ते जसे आहे तसेच सांगायला हवे. शिवाय त्यांच्या केंब्रिजच्या कामापैकी निम्मे तर कोणी सांगतच नाही. डेरेक रिख्टर यांच्यासमवेत प्राण्यांतील फिनोलेज हे विकर आणि ॲड्रिनलिन यांवर १९३८ साली, आणि ब्लाश्को व रिख्टर यांच्यासमवेत अमाइन ऑक्सिडेजवर १९३९ साली त्यांचे निबंध आले आहेत. मेंदूतील संदेशवाहक अमाइनांचे विघटन करणाऱ्या या शेवटच्या विकराला रोखणारी औषधे पुढे नैराश्यावर वापरात आली. केंब्रिजच्या पीएच.डी.साठी त्यांनी अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध दिला ही हकिकत सगळ्यांना ठाऊक असते, हे निबंध मात्र कोणाला आठवत नाहीत.

प्रतिसाद ३ :

प्रतिसाद २ मधील दुरुस्त्या मान्य आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष कोणीच उच्चारत नाही, म्हणून मी उच्चारतो. निव्वळ प्रकाशित कामाच्या निकषावर पाहिले तर कमलाबाई या उत्तम, काटेकोर संशोधक होत्या, परंतु विषयाची दिशा बदलणाऱ्या नव्हत्या. त्याच सुमारास रॉबिन हिल यांनी वेगळ्या केलेल्या हरितलवकांतून प्रकाशात ऑक्सिजन बाहेर पडतो हे दाखवले, आणि ती अभिक्रिया आज त्यांच्या नावाने शिकवली जाते. सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधकाचे स्फटिक अमेरिकेतील संशोधक कुनिट्झ यांनी कमलाबाईंच्या सुमारे दहा वर्षे आधी मिळवले होते. १९३५ आणि १९५५ हे दोन बिंदू घेऊन धागालेखकांनी जी रेघ ओढली आहे, तीही मला ओढूनताणून वाटते. मधल्या काळात त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात होत्या, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत, आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईत आल्या. जिथे जागा मिळाली, तिथला विषय हाती घेतला. याला वीस वर्षांचा एकसंध शोध म्हणणे हे चरित्रकाराचे प्रेम झाले.

धागालेखक :

प्रतिसाद ३ चा आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

कुनिट्झ यांचे काम आधीचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यांचे द्रव्य सोयाबीन होते आणि त्यांचे मुख्य लक्ष विकर आणि रोधक यांच्या संयोगाच्या रसायनाकडे होते. मुंबईच्या गटाने तो प्रश्न इथल्या आहारातील पदार्थांकडे वळवला. भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांची पाहणी त्यांनी स्फटिकांच्या निबंधाच्या आधी केलेली आहे. म्हणजे आधी कोणत्या पदार्थात रोधक आहे ते शोधले, मग त्यांतील दोन शुद्ध केले. हे रोधक पुरेशा उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. त्यामुळे कडधान्य भिजवून नीट शिजवण्याच्या जुन्या सवयीमागचे एक रासायनिक कारणही या संशोधनातून स्पष्ट होते. एखाद्या कामाने विषयाची दिशा बदलली की नाही हे विचारताना, कोणत्या लोकांसाठी विचारायचे, हेही ठरवावे लागते.

रेघ ओढूनताणून काढली, या आरोपाबद्दल एवढेच म्हणेन की, विकरांचे शिक्षण त्यांना केंब्रिजमध्ये मिळाले आणि कडधान्यांचा परिचय बंगळूरमध्ये झाला. कडधान्यातील एक प्रथिन पचनाच्या विकराला अडवते, हा विषय या दोन्ही वाटा जिथे मिळतात नेमका तिथला आहे. जागा बदलत गेल्या हे खरे. पण नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह यांवरचे, राष्ट्रपती पारितोषिक मिळालेले त्यांचे कामदेखील स्वस्त अन्नातून गरिबाच्या शरीराला काय मिळते याच प्रश्नाचे आहे. निवृत्तीनंतर त्यांनी ‘आहारगाथा’ मराठीत लिहिली आणि ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध काम केले, तेव्हा तर त्यांना कोणत्याही संस्थेने विषय नेमून दिलेला नव्हता.

प्रतिसाद १ ला मात्र मी उत्तर देऊ शकत नाही. अटी आणि निबंध वेगळे करता येत नाहीत, हे मला मान्य करावे लागेल. ‘सुरू करू नये’ हे शब्द मी मागे घेतो; तिथे थांबू नये, एवढाच आग्रह ठेवतो.

प्रतिसाद १ :

एवढे मान्य झाले तर आपल्यातले अंतर बरेच कमी होते. मात्र एक अडचण उरतेच, आणि तीही स्त्री असण्याशीच जोडलेली आहे. १९४७ पूर्वीचे त्यांचे निबंध ‘भागवत’ या आडनावाने आहेत, नंतरचे ‘सोहोनी’ या आडनावाने. त्यातही केंब्रिजच्या काळातील रोमन लिपीतल्या ‘भागवत’मध्ये आज सर्रास दिसणाऱ्या ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ हे अक्षर आहे. जो वाचक ‘सोहोनी’ शोधेल त्याला अमाइन ऑक्सिडेज सापडणार नाही, आणि ज्याला अमाइन ऑक्सिडेज सापडेल त्याला वालाच्या स्फटिकांचा पत्ता लागणार नाही. दोन्ही नावांखालचे निबंध सालवार एकत्र लावलेली यादी मराठीत कोणी तयार करणार असेल, तर १९३३ ते १९३९ या वर्षांचे काम मी माझ्याकडे घेते.