कोकण रेल्वेची अप्रेंटिसशिप आणि घरातली पत्र्याची ट्रंक
कोकण रेल्वेच्या अप्रेंटिसशिपचा विषय निघाला की "जाहिरात आली की मग कागद काढू" असं कुणीतरी म्हणतंच, ते मला पटत नाही. नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल सेतूत मिळून जाईल एकवेळ. पण आपल्याकडच्या मुलांच्या हाताशी आणखी एक कागद असतो, लाईनसाठी जमीन गेल्याचा निवाडा (भूसंपादनाचा सरकारी आदेश), त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कोकण रेल्वे स्वतःच्या भरतीत ज्यांच्या जमिनी लाईनसाठी गेल्या त्या कुटुंबांतल्या उमेदवारांना अग्रक्रम देते. पदवी, डिप्लोमावाल्यांच्या अप्रेंटिसशिपला नॅट्सच्या (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर नोंदणी लागते, तीही आधीच करून ठेवा. (अप्रेंटिस म्हणजे वर्षभराचं प्रशिक्षण आणि स्टायपेंड, नोकरीची हमी नव्हे. आमच्या वाडीत मात्र लगेच "रेल्वेत लागला" म्हणून पेढे मागतात!)

आमची नऊ कलमी झाडं त्या लाईनखाली गेली. जमीन गेल्याचा निवाडा आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत सापडला, तोही वाळवीने कडा खाल्लेला. सर्व्हे नंबरचा शेवटचा आकडाच गायब. त्यात निवाड्यावर नाव "बाळू" आणि जुन्या सातबाऱ्यावर "बाळकृष्ण". नक्कल काढायला ऐन पावसात चार खेपा घातल्या. साहेब कधी दौऱ्यावर, कधी लाईट नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून प्रतिज्ञापत्र केलं, तोवर फॉर्मची तारीख उलटून गेली होती. पुढच्या जाहिरातीला तेच कागद चालले. तेव्हा गणपतीला घरी जाल तेव्हा ट्रंक उघडा आणि निवाडा, सातबारा, फेरफार यांवरची नावं आधी जुळवून बघा.