मालिका बंद, तरी डॉक्टर चालूच

कुणीतरी म्हटलंय की 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेवरची, मासिकात येणारी चित्रकथा म्हणजे मालिकेची उरलीसुरली शिळी कढी. अजिबात पटलं नाही! १९८९ मध्ये बीबीसीने मालिका गुंडाळली, तरी मासिकातली चित्रकथा थांबली नाही. मालिकेचा नायक डॉक्टर वेगवेगळे नट साकारतात; १९९६ च्या टीव्हीपटात पॉल मॅकगॅन डॉक्टर म्हणून दिसला. त्याच्या डॉक्टरला पुढे २००५ पर्यंत चित्रकथेनेही जगवलं. चाहत्यांनी हे ऋण मानायलाच हवं.

आणि याच चित्रकथेतला बीप द मीप? डेव्ह गिबन्सने १९८० मध्ये रेखाटलेला तो केसाळ, टपोऱ्या डोळ्यांचा, लांब कानांचा जीव. बघताक्षणी उचलून घ्यावासा वाटतो, आणि निघतो क्रूर हुकूमशहा. २०२३ मध्ये तो थेट टीव्हीवर आला, डॉक्टर साकारणाऱ्या डेव्हिड टेनंटसमोर. शिळ्या कढीला असा मान मिळतो का?