हाताने उचलायचं शटर एका बाजूला अडकतं, वर नेताना जड जातं. स्प्रिंग घट्ट करायची का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळुणात दुकान आहे. शटर 10 फूट रुंद, 8 फूट उंच, 18 गेजच्या पट्ट्या. गिअर-साखळी नाही, हातानेच वर-खाली करायचं. वर पाईपवर तीन स्प्रिंगा आहेत. यंदाच्या पावसाळ्यापासून वर ढकलताना फार जड जातं, डावी बाजू मागे राहते आणि शटर तिरपं होऊन कमरेएवढ्या उंचीवर अडकतं. खाली सोडताना शेवटचे दोनेक फूट धाडकन आदळतं. मधल्या काही पट्ट्या उजवीकडे सरकलेल्या दिसतात. गाईडमध्ये (दोन्ही कडांचं उभं चॅनेल, ज्यात पट्ट्यांची टोकं सरकतात) ग्रीस भरपूर भरलं, काही उपयोग नाही. एक जण म्हणतो स्प्रिंग आवळा, दुसरा म्हणतो शटरच बदला. आधी काय तपासायचं? जमेल तेवढं स्वतः करणार आहे.

लोहारकाम_मिरज
शटर बदलायची घाई करू नका. स्प्रिंगला तर सगळ्यात शेवटी हात लावा.

तुमचं शटर 80 चौरस फूट, म्हणजे साडेसात चौरस मीटरच्या आत. 18 गेजचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. पट्ट्यांची वळलेली टोकं आणि बॉटमचा अँगल (सगळ्यात खालची लोखंडी पट्टी) धरून वजन शंभर किलोच्या जवळपास जातं. ते आपण हाताने उचलत नसतो, स्प्रिंगा उचलतात. पाईप ब्रॅकेटला यू-क्लॅम्पने आवळलेला असतो, तो फिरत नाही. फिरतात त्या पुल्या, म्हणजे पाईपवरच्या चकत्या, ज्यांना वरची पट्टी जोडलेली असते. शटर खाली ओढलं की पुल्या फिरून स्प्रिंगांना पीळ बसतो. जितकं शटर खाली लोंबकळतं तितकं वजन वाढतं आणि तितकाच पीळही वाढतो, म्हणून तोल राहतो. तीनपैकी एक स्प्रिंग गेली तर पूर्ण बंद शटरचं तीसेक किलो वजन तुमच्या हातावर येणार. ही तूट तळाशी सर्वात जास्त असते, म्हणूनच शेवटचे दोन फूट आदळतं.

आता स्प्रिंग की घर्षण, हे असं ओळखा. शटर कमरेएवढं आणून हळूच हात सोडा (पाय आणि बोटं बाजूला!). तिथेच थांबलं तर तोल ठीक. आपोआप खाली पळत असेल तर स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली. वर नेताना आणि खाली ओढतानाही सारखंच जड असेल तर गाईड घासतोय. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, म्हणून आधी गाईड साफ करा आणि मग हीच परीक्षा पुन्हा घ्या. घाण असताना घेतलेली परीक्षा फसवते.

गाईडमध्ये ग्रीस भरलंत तिथेच गडबड झाली. रस्त्याची धूळ ग्रीसला चिकटून काळा लगदा होतो आणि पट्टीची टोकं त्यात रुततात. चपट्या पट्टीने सगळा लगदा खरवडून काढा, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चॅनेल आतून पुसा, सुकू द्या. मग आत मेणबत्ती घासा किंवा सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात मारा. ग्रीस फक्त वर, स्प्रिंगांवर आणि पुली जिथे पाईपवर फिरते तिथे.

डाव्या चॅनेलचं तोंड वरपासून खालपर्यंत टॉर्चने बघा. हातगाडी किंवा दुचाकीचा धक्का बसून ओठ आत दबलेला असतो, बहुतेक वेळा जमिनीपासून दोन-तीन फुटांच्या आतच. चॅनेलमध्ये मावेल असा लाकडाचा ठोकळा घालून मागून हातोडीने हळूहळू सरळ करा. थेट लोखंडावर ठोकलंत तर चॅनेल दुसरीकडे वाकेल.

शटर_स्प्रिंग_पुणे
वरच्या प्रतिसादाशी सहमत. साफसफाईनंतरही डावी बाजू मागे राहिली तर वरचं कव्हर उघडा. शटर पूर्ण वर ठेवूनच. तुटलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एका जागी फट दिसते, किंवा टोकाचा आकडा पाईपच्या भोकातून निसटलेला असतो. शटर चालू-बंद करताना ‘टण्ण’ असा आवाज होऊन त्या दिवसापासून जड झालं असेल तर तुटलीच समजा.

तुटली नसून नुसती ढिली असेल तर पीळ वाढवता येतो. दोन माणसं लागतात:

1. शटर पूर्ण वर न्या. बॉटम पट्टीखाली दोन्ही गाईडला ग्रिप प्लायर आवळा, शिवाय मधोमध लाकडी टेकू द्या. शटर खाली असताना स्प्रिंगांत सगळ्यात जास्त पीळ असतो. तेव्हा क्लॅम्प सैल केला तर पाईप गर्रकन फिरतो आणि पान्यासकट हात मोडतो.
2. क्लॅम्पला हात लावण्याआधी 24 इंची पाईप पाना पाईपवर बसवून एकाने घट्ट धरायचा. शटर वर असलं तरी थोडा पीळ शिल्लक असतोच.
3. दुसऱ्याने दोन्हीकडचे यू-क्लॅम्प पाईप जेमतेम फिरेल इतकेच सैल करायचे. नट पूर्ण काढायचे नाहीत.
4. शटर वर गुंडाळताना पुली ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने पाईप पाव फेरा फिरवा. उलट फिरवलात तर पीळ कमी होईल. आधी खडूने पाईपवर आणि ब्रॅकेटवर खूण करा, म्हणजे किती फिरला ते कळेल.
5. क्लॅम्प पुन्हा घट्ट आवळा, टेकू काढा, कमरेच्या उंचीवर परीक्षा घ्या. कमी वाटलं तर परत पाव फेरा.

एकदम पूर्ण फेरा देऊ नका. 8 फुटी शटर उघडता-मिटता पुली साधारण तीन फेरेच फिरते, त्यात एक फेरा जास्त म्हणजे खूप झालं. मग शटर हातातून सुटून वर आपटतं, बॉटमचा अँगल वाकतो आणि स्प्रिंग लवकर तुटते.

तुटलेली स्प्रिंग बदलणं मात्र शटरवाल्याचंच काम, कारण पट्ट्या पुलीवरून सोडवून अख्खा पाईप उतरवावा लागतो. त्याच खेपेला तिन्ही बदलून घ्या. जुन्या दोन थकलेल्या असतात, एकच नवी टाकली की शटर पुन्हा तिरपं चालतं. नव्या स्प्रिंगच्या तारेची जाडी आणि लांबी जुनीएवढीच हवी, नमुना सोबत द्या.

किनारपट्टी_मालवण
गाव चिपळूण म्हणून एक विचारतो. जुलै 2021 च्या पुरात हे शटर पाण्यात होतं का? तेव्हा असेल तर पट्ट्यांच्या जोडात गाळ अजून असू शकतो. बाहेरून धुतलं तरी वळलेल्या कडांच्या आतला गाळ निघत नाही, वाळून घट्ट होतो आणि पट्टी वाकायलाच तयार होत नाही. गुंडाळताना कुरकुर होत असेल तर हेच. शटर अर्धं वर-खाली करत, वरून खाली, दोन्ही बाजूंनी पाण्याचा जोराचा फवारा मारा. गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत. कडक उन्हात पूर्ण वाळल्यावरच जोडांत पातळ तेल सोडा आणि जादा पुसून घ्या. ओल्यावर तेल म्हणजे आत गंजाला आमंत्रण.

कोकणात शटर तळातून मरतं. गाईडचं टोक फरशीत गाडलेलं असेल तर पावसाचं पाणी आणि चिखल चॅनेलच्या तळाशी साचून राहतो आणि बॉटमचा अँगल व शेवटच्या दोन पट्ट्या आधी सडतात. चॅनेलचा तळ ग्राइंडरने बोटभर कापून पाणी बाहेर जायला वाट करा.

रंग द्यायचा तर तारेच्या ब्रशने गंज काढून रेडऑक्साईड, त्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. जोडांत रंग साचू देऊ नका आणि वाळत असताना शटर दोन-तीनदा हलवा, नाहीतर पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार. हो, पुरात होतं, आणि कुरकुरतंही. सरकलेल्या पट्ट्या कशा बसवायच्या? एक पट्टी मधोमध चेपली आहे, तेवढी एकच बदलता येते का?

लोहारकाम_मिरज
पट्टी बाजूला सरकते कारण टोकाची क्लिप निघालेली असते. क्लिपा एकाआड एक पट्टीच्या दोन्ही टोकांना रिव्हेटने मारलेल्या असतात. आधी शटर डोळ्यासमोर आणा, टोकावर लाकूड धरून पट्टी ठोकत जागेवर घ्या, मग नवी क्लिप मारा. क्लिप न मारता नुसती ठोकलीत तर चार दिवसांत परत सरकेल, आणि तीच सरकलेली टोकं तुमच्या उजव्या गाईडला घासत असणार.

चेप उथळ असेल तर मागे जाड लाकूड धरून लाकडी हातोडीने काढा. घडी पडली असेल तर बदलाच, एकच बदलता येते. पट्टी जोडातून आडवी सरकवून काढावी लागते, म्हणून एका बाजूला 10 फूट मोकळी जागा हवी आणि त्या बाजूचा गाईड सोडावा लागतो. तुमच्या दोन्हीकडे भिंत असेल तर पट्ट्यांचा अख्खा पडदा उतरवावा लागेल, तेव्हा स्प्रिंगांच्या कामातच हे उरकून घ्या. नवी पट्टी आणताना जुनीचा वीतभर तुकडा दुकानात न्या. रुंदी आणि गेज जुळूनही कडेचा वळसा वेगळा निघाला तर ती जोडात शिरत नाही.