मदत हवी आहे: एक्का-चार एकाच रंगात आले तर खेळायचे की टाकायचे?

इंदिरानगरला दर रविवारी आम्ही सहा जण नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची पाच) खेळतो. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. ब्लाइंड (पानं वाटण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) १०-२०, प्रत्येकाकडे २०००. टेबल एकदम सैल. ८० चा रेझ (बेट वाढवणं) झाला तरी तिघे-चौघे फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) बघायला येतातच.

माझं घोडं अडतं ते बदाम एक्का-बदाम चौकी अशा पानांवर. आधी कुठल्याही जागेवरून कॉल करायचो (समोरच्याइतक्याच चिप्स टाकायचो). फ्लॉपवर एक्का लागला की हुरळून जायचो आणि समोरून एक्का-गुलाम निघायचा: जोडी तीच, पण सोबतचं पान मोठं. आता आधी बोलावं लागणाऱ्या पहिल्या दोन जागांवरून फोल्ड (पानं टाकून देणं), बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणारी जागा) कुणी आत नसेल तर ६० चा रेझ. त्याने नुकसान थांबलं. फ्लॉपवरच फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) शंभरात एकदाही लागत नाही, ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी) मात्र साधारण ११ टक्के वेळा मिळतो, हे ठाऊक आहे. 'सरळ टाकून दे' हा सल्ला घरचेच देतात, तो नको.

अडचण बिग ब्लाइंडची, म्हणजे २० आधीच टाकलेल्या जागेची. ८० चा रेझ, मध्ये दोन कॉल, मला आणखी ६० टाकायचे. कॉल बरोबर ना? आणि फ्लॉपवर नुसता एक्का लागला, ड्रॉ नाही, तर समोरच्याच्या किती बेट्सपर्यंत टिकायचं?